वॉशडाउन की सायफॉनिक: कमी पाण्यात भागवणारा कमोड कोणता?

सॅनिटरीवेअरच्या दुकानात दोन वन-पीस कमोड शेजारी ठेवलेले असतात. रंग तोच, उंची तीच, हळू मिटणारं झाकण तेच आणि टाकीवर दोन बटणंही तशीच. एकाच्या चिठ्ठीवर 'वॉशडाउन' लिहिलेलं असतं, दुसऱ्याच्या 'सायफॉनिक'. विचारलं तर उत्तर मिळतं, "सायफॉनिक घ्या, जोरात ओढतो." जोरात ओढतो म्हणजे पाणी कमी लागत असणार, असं आपण मनाशी धरतो आणि जास्तीचे पैसे मोजून तोच उचलतो. पाणी वाचवायचं म्हणून खरेदीला निघालेल्या माणसाची फसगत होते ती इथेच.

दोघांची काम करायची पद्धत मुळातच वेगळी आहे. वॉशडाउनमध्ये टाकीतलं पाणी भांड्याच्या उभ्या उतारावरून खाली येतं आणि आपल्या वजनाने सगळं पुढे ढकलतं. ट्रॅपची, म्हणजे भांड्याखालच्या पाणी अडवून धरणाऱ्या वळणाची, वाट रुंद आणि आखूड असते, त्यामुळे ढकललेलं अडत नाही. सायफॉनिकची वाट अरुंद, लांब आणि नागमोडी असते. टाकीतलं पाणी एकदम उतरलं की ती वाट काठोकाठ भरते, आतली हवा निघून जाते आणि ओढ सुरू होते. पिंपात नळी सोडून पाणी काढताना एकदा धार लागली की ती आपोआप चालू राहते, तसं. भांडं रिकामं होत आलं की हवा आत शिरते, घळ्ळ असा आवाज होतो आणि ओढ तुटते.

आता पाण्याचा हिशेब बघा. सायफॉनिकला आधी ती सगळी वाट भरावी लागते, नाहीतर ओढ लागतच नाही. ओढ तुटल्यावर भांड्यातला मोठा पाणीसाठा पुन्हा भरावा लागतो. वॉशडाउनमध्ये साठा लहान असतो. लघवीनंतर तेवढं पाणी बदललं की काम झालं, आणि त्याला दोन-तीन लिटर पुरतात. म्हणूनच छोट्या बटणाचा खरा फायदा वॉशडाउनलाच मिळतो. सायफॉनिकवरही दोन बटणं असतात, पण काही मॉडेलमध्ये छोट्या बटणाने ओढच लागत नाही, पाणी नुसतं फिकट होतं, आणि माणूस बटण पुन्हा दाबतो.

दोन बटणांची गोष्ट ऑस्ट्रेलियात सुरू झाली. कॅरोमा या कंपनीतल्या ब्रूस थॉम्पसन यांनी १९८० मध्ये ११ आणि ५.५ लिटरची टाकी तयार केली. पुढे नुसती टाकी लहान न करता भांड्याचा आकारही बदलत नेला, तेव्हा ६/३, म्हणजे मोठ्या बटणाला ६ आणि छोट्याला ३ लिटर, शक्य झालं. अमेरिकेत, जिथे सायफॉनिकच चालतो, याच्या उलट अनुभव आला. १९९२ च्या कायद्याने १९९४ पासून घरगुती कमोडवर १.६ गॅलन म्हणजे सुमारे ६ लिटरची मर्यादा आली. त्याआधीचे कमोड १३ लिटर वापरायचे. कंपन्यांनी सुरुवातीला जुन्याच घडणीत कमी पाणी सोडलं. कमोड तुंबायला लागले आणि लोक दोनदा फ्लश करू लागले. टाकीचा व्हॉल्व्ह मोठा केला, आतली वाट गुळगुळीत केली, तेव्हा कुठे ते सुधारले. आज तिथे ४.८ लिटरचे चांगले सायफॉनिक मिळतात, तेव्हा सायफॉनिक म्हणजे पाण्याचा नाश असंही नाही.

घरचा हिशेब मांडू. माणशी दिवसाला एक मोठा फ्लश आणि चार छोटे धरा, घरात चार माणसं. जुनी १० लिटरची टाकी असेल तर दिवसाला २०० लिटर जातात. ६/३ च्या वॉशडाउनला ७२, ४/२ च्या वॉशडाउनला ४८. ६/३ लिहिलेला सायफॉनिक आणला आणि छोटं बटण दरवेळी दोनदा दाबावं लागलं, तर १२०. आपली राष्ट्रीय इमारत संहिता दिवसाला माणशी ४५ लिटर फ्लशसाठीच धरते. मे महिन्यात टँकरची वर्गणी भरणाऱ्या सोसायटीत या फरकाला काय किंमत आहे, ते तिथल्या सेक्रेटरींना विचारा.

सायफॉनिकची बाजूही खरी आहे. त्याच्या भांड्यात पाणी ऐसपैस पसरलेलं असतं, त्यामुळे डाग कमी पडतात, वास पाण्याखाली राहतो. वॉशडाउनचा पाण्याचा भाग लहान, मागची बाजू कोरडी. ब्रश हाताशी ठेवावाच लागतो. परदेशात राहून आलेल्यांना किंवा घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांना ही गोष्ट मोठी वाटू शकते, आणि ते रास्तच आहे.

तरीही बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर मी सायफॉनिक घेऊ नका असंच सांगेन. त्याच्या तळाशी बहुधा एक जेटचं भोक असतं, तिथून सुटणारी धार ओढ लवकर सुरू करते. त्या भोकात क्षार साचत गेले की धार मंदावते, फ्लश सुस्त होतो आणि महिन्यागणिक पाणी जास्त लागतं. वॉशडाउनच्या कडेखालीही क्षार धरतो, पण तो ब्रशने निघतो. दुकानात कोरडा कमोड ओळखायचा असेल तर तळाशी हेच भोक शोधा. दिसलं तर तो सायफॉनिक. 'रिमलेस' हा शब्द यात गुंतवू नका, तो फक्त वरच्या कडेबद्दल आहे.

४/२ की ६/३, हे घराच्या पाइपावर ठरवा. कमोडपासून उभ्या डक्टपर्यंतचा आडवा पाइप लांब किंवा जेमतेम उताराचा असेल, तर ४ लिटरमध्ये भांडं साफ होतं पण मैला पाइपात बसून राहतो. अशा जुन्या इमारतीत ६/३ घ्या. आउटलेट भिंतीत असेल तर पी-ट्रॅप लागतो, जमिनीत असेल तर एस-ट्रॅप. सायफॉनिक बहुधा एस-ट्रॅपमध्येच येतो, त्यामुळे पुष्कळ फ्लॅटमध्ये निवड तिथेच संपते. एस-ट्रॅप असेल तर टाइल लावलेल्या भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंत टेप धरून मोजा. ४, ९ किंवा १२ इंच, जे येईल ते लिहून दुकानात न्या.

आणि कुठलाही घ्या, टाकीकडे लक्ष द्या. साखळी ओढायच्या जुन्या लोखंडी टाकीतून पाणी तळाने गळत नसे, कारण तिथे तळाला झिजणारा वॉशरच नव्हता. आताच्या दोन बटणांच्या टाकीत तळाला रबरी वॉशर असतो. तो कडक झाला किंवा त्याखाली कचरा अडकला की भांड्याच्या मागच्या भिंतीवरून पाण्याचा पातळ पडदा सतत वाहत राहतो. आवाज येत नाही, डोळ्यालाही सहज दिसत नाही. मिनिटाला १०० मिली गेलं तरी दिवसाला १४४ लिटर होतात, म्हणजे जुनी टाकी काढून ६/३ चा वॉशडाउन लावल्याने जे १२८ लिटर वाचले, त्याहून जास्त. रात्री झोपण्याआधी टाकीत खाण्याचा रंग चमचाभर टाका आणि फ्लश करू नका. अर्ध्या तासाने भांड्यातलं पाणी रंगलं असेल, तर वॉशर बदलायचा. म्हणून कमोड घेतानाच विचारा की त्या टाकीचा वॉशर आणि आतला व्हॉल्व्ह सुटा मिळतो का, गावातल्या दुकानात मिळतो का. मिळत नसेल तर दुसरं मॉडेल बघा.