पदरमोड करून शिकणारा पगारदार आणि प्राप्तिकर

मराठवाड्याला भारतीय प्राप्तिकर कायदा लागू झाला तो १ एप्रिल १९५० पासून, हैदराबाद राज्याबरोबर. पुढे १९६१ च्या कायद्यात पगारदारांसाठी एक छोटी पण नेमकी तरतूद होती: कामासाठी लागणारी पुस्तकं विकत घेतली, तर वर्षाला ५०० रुपयांपर्यंतचा खर्च पगारातून वजा होई. १९७४ मध्ये असे सुटे खर्च एकत्र करून प्रमाणित वजावट, म्हणजे प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब न मागता पगारातून मिळणारी सूट आली, कमाल ३,५०० रुपयांची. हिशेब सोपा झाला, पण शिकण्याचा खर्च वेगळा मोजणं तिथेच थांबलं. माझ्या मते पगारदाराचं खरं नुकसान तेव्हा झालं. आजची वजावट कितीही मोठी असो, शिकणाऱ्याला आणि न शिकणाऱ्याला ती सारखीच मिळते.

व्यावसायिकाचं तसं नाही. लातुरातला खासगी डॉक्टर वैद्यकीय परिषदेची फी व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवू शकतो. १९६१ च्या कायद्याचं कलम ३७ त्यासाठीच होतं. त्याच गावातल्या शिक्षकाने पगारातून पीएच.डी.ची फी भरली, तर ती कुठेच बसत नाही. ठरावीक गुंतवणूक आणि खर्चांवर सूट देणाऱ्या त्याच कायद्याच्या कलम ८०-सी मध्येसुद्धा फी चालायची ती दोन मुलांची, स्वतःची नाही.

१९९४ मध्ये, म्हणजे नांदेडला विद्यापीठ झालं त्याच वर्षी, कलम ८०-ई आलं. स्वतःच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाच्या परतफेडीवर वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू लागली. मात्र अभ्यासक्रम पूर्णवेळ हवा, आणि तोही अभियांत्रिकी, वैद्यकीय, व्यवस्थापन किंवा विज्ञानातलं पदव्युत्तर शिक्षण. नोकरी सांभाळून मराठीत एम.ए. करणारा यात येणार कसा? २००५ च्या अर्थसंकल्पाने मुद्दल वगळलं आणि व्याजावरची मर्यादा काढली. अभ्यासक्रमांची अट सैल व्हायला २००९ उजाडलं. तेव्हापासून बारावीनंतरचं कोणतंही शिक्षण चालतं.

कर्ज मात्र बँकेचं, अधिसूचित वित्तसंस्थेचं किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचं लागतं. आपल्याकडे अडीनडीला शिक्षक पहिल्यांदा पतसंस्थेकडे जातो, आणि नेमकं तेच कर्ज यात धरलं जात नाही.

२०२० मध्ये नवी करप्रणाली आली, २०२३-२४ पासून ती आपोआप लागू होऊ लागली. तिच्यात शिक्षणकर्जाच्या व्याजाची ही वजावट नाही. व्याजाची सूट हवी असेल त्याने जुनी प्रणाली स्वतःहून निवडायची.