ऑडिओ प्लगइन : शोध, निवड आणि इन्स्टॉलेशन

ऑडिओ प्लगइन हा संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारा आणि त्याच्या आधाराविना सहसा न चालणारा प्रोग्राम. क्यूबेस, लॉजिक प्रो, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, प्रो टूल्स, रीपर यांसारख्या सॉफ्टवेअरला या संदर्भात होस्ट, म्हणजे यजमान, म्हणतात. होस्ट प्लगइनच्या हाती ध्वनीचा एक छोटा तुकडा देतो, प्लगइन त्यावर आकडेमोड करून तो परत करते आणि लगेच पुढचा तुकडा येतो. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला ध्वनीची किती मापे घेतली जातात तो आकडा, ४८ किलोहर्ट्झ आणि बफर, म्हणजे एका वेळचा तुकडा, २५६ सॅम्पलचा असेल, तर ही देवाणघेवाण सेकंदाला सुमारे १८७ वेळा होते. नवख्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ या नात्यात आहे. प्लगइनच्या फाइलवर डबल क्लिक केले तर काहीच उघडत नाही, आणि इन्स्टॉलरने काम पूर्ण झाल्याचे सांगितले तरी होस्टने दखल घेईपर्यंत ते प्लगइन असून नसल्यासारखेच.

ढोबळमानाने प्लगइन तीन प्रकारची. आलेला आवाज बदलणारी ती इफेक्ट : ईक्यू (जाड-बारीक स्वरांची पातळी बदलणारा), कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातली तफावत कमी करणारा), रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी). मिडी संदेश, म्हणजे कोणता स्वर कधी वाजवायचा याच्या सूचना, घेऊन स्वतः आवाज निर्माण करणारी ती वाद्ये : सिंथेसायझर आणि सॅम्पलर. मिडी घेऊन मिडीच परत देणारा तिसरा प्रकार त्या मानाने कमी वापरात आहे.

वेव्हज कंपनीचा क्यू१० हा ईक्यू १९९२ साली आला. विकल्या गेलेल्या पहिल्या प्लगइनांत त्याची गणना होते. १९९६ मध्ये क्यूबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने त्याच्याबरोबर प्लगइन होस्टला जोडणारे व्हीएसटी हे तंत्र आणले आणि त्याचे तपशील इतरांनाही खुले केले. कोणीही प्लगइन लिहावे आणि ते कोणाच्याही होस्टमध्ये चालावे, ही मोकळीक तिथून मिळाली. १९९९ च्या व्हीएसटी२ ने वाद्यांनाही दार उघडले. त्यानंतर महागड्या यंत्रांची जागा हळूहळू फाइलींनी घेतली.

पुढे प्रत्येक घराची रीत वेगळी झाली, आणि प्लगइन शोधताना पहिला प्रश्न विचारायचा तो याच रीतीचा, म्हणजे फॉरमॅटचा. लॉजिक प्रो आणि गॅरेजबँड फक्त ऑडिओ युनिट, बोलीत ‘एयू’, स्वीकारतात, आणि हा फॉरमॅट ॲपलच्या यंत्रांपुरताच आहे. प्रो टूल्सला एएएक्स लागते. २०१३ च्या अकराव्या आवृत्तीपासून त्याने आरटीएएस आणि टीडीएम हे आपले जुने फॉरमॅट पूर्ण सोडले. बाकीच्या बहुतेक होस्टना व्हीएसटी चालते. त्यातले व्हीएसटी३ २००८ साली आले. आत ध्वनी येत नसताना प्रक्रिया थांबवून प्रोसेसरचा भार वाचवण्याची सोय त्यात आहे. स्टाइनबर्गने २०१८ पासून नव्या निर्मात्यांना व्हीएसटी२ चा परवाना देणे बंद केले, तरी जुनी व्हीएसटी२ प्लगइन अजून पुष्कळांच्या संगणकांवर नांदत आहेत. २०२२ साली यू-ही आणि बिटविग या कंपन्यांनी क्लॅप हा मुक्त परवान्याचा फॉरमॅट आणला. बिटविग स्टुडिओ आणि रीपर तो चालवतात. लिनक्सवर एलव्ही२ हा तिथलाच फॉरमॅट आहे. एकाच प्लगइनचे इन्स्टॉलर बहुधा हे सगळे फॉरमॅट एकत्र घेऊन येतात आणि कोणते हवेत ते विचारतात. सगळ्या चौकटींवर खूण करून पुढे जाण्याची सवय वाईट. मग एकच कॉम्प्रेसर यादीत तीनदा दिसतो आणि कोणता वापरला होता हे महिन्याभराने आठवत नाही.

शोधायला जागा भरपूर आहेत. केव्हीआर ऑडिओ हे संकेतस्थळ २००० सालापासून प्लगइनांची सूची ठेवते. फॉरमॅट, ऑपरेटिंग सिस्टिम आणि किंमत यांनुसार ती चाळता येते. फुकटात मिळणारेही दुय्यम असते असे मुळीच नाही. सर्ज हा मूळचा विकाऊ सिंथेसायझर २०१८ मध्ये मुक्तस्रोत झाला आणि आज सर्ज एक्सटी नावाने वाढतो आहे. व्हायटल हा वेव्हटेबल सिंथेसायझर २०२० मध्ये आला आणि त्याची मूळ आवृत्ती मोफत आहे. डेक्स्ड हे प्लगइन यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ या सिंथेसायझरचा आवाज उभा करते. व्हॅलहाला सुपरमॅसिव्ह हा डिले-रिव्हर्ब आणि टीडीआर नोव्हा हा डायनॅमिक ईक्यू अनुभवी मिक्स इंजिनिअरही वापरतात. खरे तर होस्टबरोबर आलेले ईक्यू आणि कॉम्प्रेसरच बहुतेक कामाला पुरतात. नवे प्लगइन घ्यायचे ते हाताशी नसलेली एखादी नेमकी गोष्ट करण्यासाठी. विकत घेण्याआधी चाचणी आवृत्ती आपल्याच प्रोजेक्टमध्ये लावून पाहावी. चाचणी आवृत्तीच्या अटी वाचून घ्याव्यात : काही ठरावीक दिवसांनी बंद पडतात, काही मधूनच खरखर सोडतात, तर काहींत प्रोजेक्ट सेव्ह केला तरी प्लगइनच्या सेटिंग उरत नाहीत.

डाउनलोड निर्मात्याच्या संकेतस्थळावरून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच करावे. क्रॅक केलेल्या, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेल्या, प्लगइनचा इन्स्टॉलर प्रशासकाचा पासवर्ड मागतो आणि अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. घरफोड्याला किल्ली देऊन वर कुत्रा बांधून ठेवण्याचाच हा प्रकार.

इन्स्टॉलेशन म्हणजे मुख्यतः योग्य फाइल योग्य फोल्डरात पोहोचवणे. विंडोजवर व्हीएसटी३ ची जागा ठरलेली आहे : सी ड्राइव्हवर प्रोग्राम फाइल्स, त्यात कॉमन फाइल्स, त्यात व्हीएसटी३. क्लॅपचे फोल्डरही कॉमन फाइल्समध्येच असते. व्हीएसटी२ ला मात्र अशी सक्तीची जागा कधीच नव्हती. एक इन्स्टॉलर फाइल स्टाइनबर्गच्या फोल्डरात टाकतो, दुसरा प्रोग्राम फाइल्समध्ये व्हीएसटी प्लगइन्स नावाचे फोल्डर करतो, तिसरा स्वतःच्याच फोल्डरात ठेवून मोकळा होतो. त्यामुळे एकच फोल्डर ठरवून प्रत्येक इन्स्टॉलरला तेच दाखवणे आणि होस्टच्या सेटिंगमध्येही तेच नोंदवणे बरे. मॅकवर एएएक्स सोडून बाकी सगळे लायब्ररी, ऑडिओ, प्लग-इन्स या वाटेने जाते आणि तिथे प्रत्येक फॉरमॅटचे उपफोल्डर असते. ऑडिओ युनिटच्या उपफोल्डरचे नाव मात्र कंपोनंट्स, आणि अनेकांची शोधाशोध तिथेच अडते. मॅकवर लायब्ररी दोन असतात, एक संपूर्ण संगणकाची आणि एक त्या वापरकर्त्याची. दोन्हींत वेगवेगळ्या आवृत्त्या राहिल्या की गोंधळ अटळ. काही छोटी मोफत प्लगइन इन्स्टॉलरविना झिप फाइलमध्ये येतात. ती उघडून आतली फाइल हाताने त्या फोल्डरात ठेवावी लागते.

यानंतरची पायरी स्कॅनची. होस्ट ही फोल्डरे चाळतो, प्रत्येक प्लगइन क्षणभर उघडून पाहतो आणि यादी करतो. स्कॅन चालू असताना एखादे प्लगइन कोसळले, तर होस्ट त्याला काळ्या यादीत टाकतो आणि पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. नवी आवृत्ती टाकूनही प्लगइन दिसत नसेल, तर ते बहुधा या यादीत अडकलेले असते. तिथून बाहेर काढून पुन्हा स्कॅन करावे. लॉजिक प्रो तर प्रत्येक ऑडिओ युनिटची परीक्षाच घेतो आणि नापासांना प्लग-इन मॅनेजरमध्ये बाजूला ठेवतो.

काळ्या यादीतही प्लगइन नसेल, तर बिटचा हिशेब पाहावा. ३२ बिटचे प्लगइन ६४ बिटच्या होस्टमध्ये थेट उघडत नाही. जेब्रिजसारखा पूल किंवा रीपरमधली तशीच सोय वापरून विंडोजवर काम भागते. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीपासून ३२ बिटचा प्रश्नच मिटला, कारण ऑपरेटिंग सिस्टिमच तो चालवत नाही. २०२० पासून ॲपलने स्वतःचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केल्यावर आणखी एक भेद आला : इंटेलसाठी लिहिलेले जुने प्लगइन चालवायला अनेक होस्ट रोझेटामधून, म्हणजे इंटेलचे प्रोग्राम नव्या प्रोसेसरवर चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीतून, सुरू करावे लागतात. फाइलवर विकसकाची सही नसेल तर मॅक ती उघडू देत नाही. सिस्टिम सेटिंगमधल्या सुरक्षेच्या विभागात जाऊन परवानगी द्यावी लागते, पण निर्माता ओळखीचा असेल तरच ती द्यावी.

परवान्याचे प्रकार अनेक. साधा सिरियल क्रमांक, ईमेल-पासवर्डने लॉगिन, परवाना फाइल किंवा आयलॉक ही परवाने सांभाळणारी व्यवस्था. आयलॉकचा परवाना यूएसबी डोंगलवर, त्या संगणकावर किंवा क्लाउडमध्ये ठेवता येतो. कोणता मार्ग चालेल हे निर्माता ठरवतो. नेटिव्ह ॲक्सेस किंवा वेव्हज सेंट्रल यांसारखे व्यवस्थापक प्रोग्राम डाउनलोड, परवाना आणि अपडेट ही तिन्ही कामे एकत्र करतात. जुना संगणक विकण्यापूर्वी परवाना तिथून सोडवून घ्यायला विसरू नये, कारण किती संगणकांवर चालवायचे याला बहुधा मर्यादा असते.

सॅम्पलवर, म्हणजे इथे आधी रेकॉर्ड केलेल्या ध्वनींवर, चालणाऱ्या वाद्यांत प्लगइनची फाइल लहान आणि ध्वनींचे भांडार कित्येक गिगाबाइटचे असते. ते वेगळ्या एसएसडीवर ठेवता येते, पण जागा बदलली की प्लगइनला नवा पत्ता द्यावा लागतो. पुढचा ध्वनी आधी पाहून काम करणारे लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारी प्लगइन, आवाजाला थोडा उशीर लावतात. होस्ट बाकीचे ट्रॅक तेवढेच मागे सरकवून मेळ राखतो, पण रेकॉर्डिंग करताना गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये तो उशीर जाणवतो. अशी प्लगइन त्या वेळी बंद ठेवतात.

प्लगइन काढताना फाइल कचऱ्यात टाकली तरी प्रीसेट (साठवलेल्या सेटिंग) आणि ध्वनींचे भांडार मागे राहते, म्हणून निर्मात्याचा अनइन्स्टॉलर असेल तर तो वापरावा. जुना प्रोजेक्ट उघडल्यावर होस्ट तेच प्लगइन त्याच फॉरमॅटमध्ये शोधतो. निर्मात्याने दोन्ही फॉरमॅटची सांगड घातलेली नसेल, तर व्हीएसटी२ वर केलेले मिक्स व्हीएसटी३ बसवून परत येत नाही. म्हणून जाणकार चालू प्रोजेक्ट हातावेगळे होईपर्यंत जुनी आवृत्ती काढत नाहीत, आणि काम संपले की प्रत्येक ट्रॅक प्लगइनसकट ध्वनिफाइलमध्ये उतरवून ठेवतात.