आज्जीची नोटीस आणि कायद्याची चौथी अट

गेल्या उन्हाळ्यात कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी शेजारची आज्जी हातात एक कागद घेऊन दारात उभी राहिली. शेताच्या मोजणीची नोटीस होती. गोल शिक्का, खाली सही आणि सगळा मजकूर कन्नडमध्ये. आज्जी मराठी अक्षर लावून लावून वाचते. या कागदावर तिला ओळखू आला तो फक्त सर्वे नंबर. "कायदा आसंल बाबा," ती म्हणाली, "पर मला वाचायलाच येत न्हाई, तर त्यो मला लागू कसा?"

तत्त्वज्ञान या प्रश्नाशी दोन हजार वर्षांहून जास्त काळ झुंजतं आहे. सत्तेनं केला म्हणजे कायदा झाला, की कायदा म्हणवून घ्यायला त्याच्या अंगी आणखी काही असावं लागतं? असावं लागतं म्हणणाऱ्यांची परंपरा ती नैसर्गिक कायद्याची. इथला 'नैसर्गिक' गुरुत्वाकर्षणासारखा नव्हे. वर फेकलेला दगड खाली येतोच, त्याला नियम मोडता येत नाही, माणसाला येतो. अॅरिस्टॉटलनं हा पेच आगीच्या उदाहरणानं मांडला: आग ग्रीसमध्ये जाळते तशीच पर्शियातही जाळते, न्यायाचे नियम मात्र मुलखागणिक बदलताना दिसतात. आपल्या भाषेत सांगायचं तर चूल खानापुरात पेटते तशीच महाराष्ट्रातल्या चंदगडातही, पण हद्द ओलांडली की कचेरीतला कागद बदलतो. तरीही काही न्याय निसर्गतःच असतो, असं तो म्हणाला. बृहदारण्यक उपनिषदात तर धर्म ही सत्तेवरची सत्ता आहे; तिच्या आधारानं दुबळा माणूसही बलवानापुढे उभा राहू पाहतो.

तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस या धर्मशास्त्रज्ञानं कायद्याची व्याख्या केली. तो विवेकाला धरून असावा, सर्वांच्या हिताचा असावा, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्यानं केलेला असावा आणि चौथं म्हणजे तो जाहीर केलेला असावा. त्याच्या लेखी या सगळ्याचं मूळ ईश्वराच्या बुद्धीत होतं. १६२५ मध्ये डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियसनं लिहिलं की ईश्वर नाही असं घटकाभर धरलं, तरी हे बऱ्याच अंशी खरंच राहील. त्यामुळे देव न मानणाऱ्यांनाही या विचाराचं दार उघडलं.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती चौथी अट. एरवी ती कोरडी, कारकुनी वाटते. पण लोकांपर्यंत न पोचलेला हुकूम पाळायचा तरी कसा? अमेरिकन विधिज्ञ लॉन फुलर यांनी १९६४ मध्ये कायदे करता करता आठ प्रकारे फसणाऱ्या राजाची गोष्ट सांगितली. नियम जाहीर न करणं, ते कुणाला समजू नयेत असे लिहिणं, मागच्या तारखेनं लागू करणं, असे ते प्रकार. असा राजा वाईट कायदा करतो असं नाही, तो कायदाच करत नाही, हे फुलर यांचं म्हणणं.

ब्रिटिश विधितत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांना ते पटलं नाही. नाझी राजवटीनंतर, १९५८ मध्ये, दोघांचा गाजलेला वाद झाला होता. हार्ट म्हणत, दुष्ट कायदाही कायदाच; तो कायदा आहे हे मान्य करा आणि मग तो पाळण्याच्या लायकीचा नाही असं स्पष्ट सांगा. फुलर यांच्या आठ अटींवर त्यांचा टोला असा, की विष घालण्याचंही नीट तंत्र असतं, म्हणून ती नीती ठरत नाही. हा आक्षेप खरोखर जड आहे. नियम छान जाहीर करूनही अन्याय करता येतोच.

आपल्याकडे हा वाद जिवावर बेतला तो १९७६ मध्ये. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात जाता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतांनी ठरवलं. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना म्हणाले, जगण्याचा हक्क राज्यघटनेनं दान दिलेला नाही; ती नसती तरी कायद्याच्या आधाराविना कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य हिरावता आलं नसतं. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खन्नांची बाजू खरी ठरवली.

सीमाभागात राहून हे लिहिताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. राज्याची हद्द निसर्गात नसते. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा कुणाला न विचारता पूर्वेला कृष्णेकडे जाते. हद्द संसद आखते, राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमानं. सीमाभागासाठी महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात केलेला २००४ चा दावाही त्याच माणसांनी केलेल्या कायद्याच्या भाषेत लढला जातो आहे. मातृभाषा समजणं ही गोष्ट वेगळी. ती हुकमानं बदलत नाही. म्हणून तर ३५० अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगितली आहे, आणि जिथं अल्पसंख्याकांची भाषा किमान १५ टक्के लोक बोलतात तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्या भाषेतही निघाव्यात असं धोरण आहे. लोक याला सवलत म्हणतात. मी याला अक्वायनसची चौथी अट म्हणेन.

कन्नड वाचणाऱ्या एका पोराला बोलावून आम्ही नोटीस वाचून घेतली. शेजाऱ्यानं हद्द मोजायला अर्ज केला होता आणि हरकत घ्यायला चार दिवस उरले होते. आज्जीनं चष्मा पुसला, कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि विचारलं, "मग माजी हरकत कुठल्या भाषेत लिवायची?"