भारतातला पोलाद उद्योग आणि त्याचा कामगार

2018 मध्ये जपानला मागे टाकून भारत कच्च्या पोलादाच्या उत्पादनात चीनखालोखाल दुसरा झाला, पण हे स्टील काढणारा परमनंट कामगार मात्र 1990 नंतर कमीच होत गेलाय.

सुरुवात जमशेदपूरची. टाटांची कंपनी 1907 ची, पहिलं स्टील 1912 ला निघालं आणि त्याच वर्षी आठ तासांची पाळी सुरू झाली, 1920 ला प्रॉव्हिडंट फंड आला. हे सगळं मालकाच्या दिलदारपणातून आलं असं सांगायची पद्धत आहे, पण 1920 आणि 1928 ला तिथे मोठे संप झालेत, 1928 मध्ये तर सुभाषबाबू स्वतः त्यात उतरले आणि कामगार संघटनेचे अध्यक्ष झाले, ते मात्र त्या कौतुकात सहसा येत नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारी कारखाने आले, भिलाई रशियन मदतीने, राउरकेला जर्मन, दुर्गापूर ब्रिटिश, मग बोकारो. भिलाईचा करार 1955 चा, आणि तेव्हा ज्या मध्य प्रदेशात भिलाईचा दुर्ग जिल्हा होता त्याची राजधानी चक्क नागपूर होती. या सरकारी कारखान्यांत चिकटलं की क्वार्टर, शाळा, दवाखाना सगळं कंपनीचं, रिटायर होईपर्यंत बघायला नको.

पण ही सुखाची नोकरी सगळ्यांना कधीच नव्हती. भिलाईला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहरा खाणीत हजारो मजूर ठेकेदाराकडे हाताने दगड फोडायचे. 1977 मध्ये कामगार नेते शंकर गुहा नियोगींनी त्यांची वेगळी युनियन बांधली, त्याच वर्षी पोलिस गोळीबारात मजूर मेले, तरी युनियन टिकली आणि 1983 ला या लोकांनी स्वतःचं शहीद हॉस्पिटल उभं केलं. मशीन आणून माणसं काढायला त्यांचा विरोध होता. 1991 ला भिलाईत नियोगींचा खून झाला.

त्याच वर्षी लायसन्स राज गेलं आणि कारखान्यांना स्पर्धा सुरू झाली. पूर्वी ब्लास्ट फर्नेसमधून, म्हणजे खनिजातून लोखंड वितळवणाऱ्या मोठ्या भट्टीतून, रस सोडायचा म्हणजे तोंडाची माती फोडायची, मग लालभडक लोखंड चरांतून वाहताना लांब सळ्या घेऊन मळी, म्हणजे वर तरंगणारा कचरा, सारायची, वाळूचे बांध घालायचे, सगळं अंगमेहनतीचं. आता ड्रिल भोक पाडतं, मडगन नावाचं मशीन माती दाबून ते बुजवतं, ऑपरेटर काचेमागे स्क्रीनवर बघतो. व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या. सेलमध्ये, म्हणजे भिलाई-राउरकेलासारखे कारखाने चालवणाऱ्या सरकारी कंपनीत, एकेकाळी दोन लाखांवर लोक होते ते आज साठ हजारांच्या खाली आलेत, आणि उत्पादन तेव्हाच्या जवळपास दुप्पट!

सगळी कामं मशीनने घेतली असंही नाही, बरीच ठेकेदाराकडे गेली. 2001 मध्ये सेलच्याच केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कंत्राटी कामगार आपोआप कंपनीचा होत नाही. युनियनवाल्यांच्या दृष्टीने खरा टर्निंग पॉइंट हाच म्हणायला पाहिजे, व्हीआरएस नव्हे.

महाराष्ट्रात क्वार्टरवालं स्टील टाउन असं झालंच नाही. रायगडात डोलवीला मोठा खाजगी प्लांट आहे, मूळचा इस्पातचा, 2010 ला जिंदालांकडे गेला. जालन्याची गोष्ट वेगळीच, तिथे भंगार विजेवरच्या इंडक्शन भट्टीत वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाचे लांब चौकोनी ठोकळे, ओततात आणि त्याच्या बांधकामाच्या सळया करतात, भट्टीवर यूपी-बिहारची पोरं बरीच असतात.