मायं रगत खरं किती हाय? हिमोग्लोबिनच्या मापामागची गोष्ट

आठव्या महिन्यातली एक बाई दोन कागद घेऊन माझ्यासमोर बसली होती. उपकेंद्रातल्या मीटरवर हिमोग्लोबिन 7.6 (दर 100 मिलीलिटर रक्तात इतके ग्रॅम), दोन दिवसांनी तालुक्याच्या एका खासगी लॅबमध्ये 6.8. गरोदरपणात 7 च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. मग यवतमाळला धाडावंच लागतं. "ताई, मायं रगत खरं किती हाय?" तिनं विचारलं. मी लॅब टेक्निशियन, पण मला सांगता आलं नाही.

हा घोळ शंभर वर्षांहून जुना आहे. स्वित्झर्लंडच्या हर्मान साहलींनी 1902 च्या सुमारास आणलेलं यंत्र खेड्यातल्या लॅबमध्ये मी स्वतः वापरलंय. नळीत हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यात 20 मायक्रोलिटर रक्त. दहा मिनिटं थांबायचं, मग डिस्टिल्ड वॉटरचे थेंब टाकत रंग बाजूच्या तपकिरी काचेशी जुळवायचा. ओपीडीला रांग लागली की दहाची चार मिनिटं होतात. रंग पुरता चढत नाही, आकडा कमी येतो. काच जुनी होऊन फिकी पडली तर उलट जास्त. त्यात पूर्वी उत्तर टक्क्यांत असे, आणि शंभर टक्के म्हणजे साहलींच्या मापात सुमारे 17 ग्रॅम, तर ब्रिटिश शास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या मापात सुमारे 14!

1947 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या 59 लॅबना तपासायला सारखेच नमुने दिले गेले होते. समाधानकारक उत्तरांपेक्षा असमाधानकारकच जास्त निघाली. आपल्या लॅबचा आकडा बाहेरच्या कुणीतरी पडताळावा, हा विचार तिथून जोर धरू लागला. हिमोग्लोबिनपुरती वाट 1960 च्या दशकात मिळाली: ड्रॅबकिनच्या द्रावणात (हिमोग्लोबिनला पक्का रंग देणारं रसायन) रक्त मिसळून 540 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश त्यात किती शोषला जातो ते यंत्रावर वाचायचं, ही पद्धत जगभर प्रमाण ठरली. आपल्याकडे वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि दिल्लीचं एम्स नोंदणी केलेल्या लॅबना पडताळणीचे नमुने पाठवतात.

2018 च्या ॲनिमिया मुक्त भारत या केंद्र सरकारच्या रक्तक्षयविरोधी मोहिमेनंतर गावपातळीवर डिजिटल मीटरवर भर आला. यात डोळ्यांनी रंग जुळवणं नाही, हे मोठंच काम झालं. पण रक्त निघेना म्हणून बोट पिळलं की पेशींभोवतीचं पाणीही थेंबात येतं आणि आकडा कमी दिसतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा मीटरच्या स्ट्रिपची (रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्यांची) डबी कुठे ठेवायची हा प्रश्नच असतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांचं हिमोग्लोबिन तर पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. मागचा आकडा एका यंत्राचा, आजचा दुसऱ्याचा, मग रक्त खरंच घटलं का, हे कसं ठरवायचं? जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 मध्ये शिरेतलं रक्त, स्वयंचलित यंत्र आणि नियमित गुणवत्ता तपासणी यांची शिफारस केली. आमच्या उपकेंद्रातल्या त्या मीटरला मात्र पडताळणीचा नमुना एकदाही आला नव्हता.

मी त्या बाईच्या शिरेतून रक्त घेऊन यवतमाळला पाठवलं. तिथल्या सेल काउंटरवर, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्रावर, 7.3 आलं. तालुक्याची लॅब तेव्हाही साहलीच वापरत होती. उत्तर कळेपर्यंत तिची कापूस वेचणीची चार दिवसांची मजुरी बुडाली होती.