परदेशातून मागवलेली कॅसेट आणि तिच्यावरचे दोन कर

परदेशी दुकानाच्या पानावर बारा स्पीडची कॅसेट, म्हणजे सायकलच्या मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, स्वस्त दिसते आणि दारात येईपर्यंत ती इथल्या दुकानातल्या किमतीला टेकते, कधी तिच्याही पुढे जाते. सायकलवाले याचा राग ‘कस्टम’वर काढतात. तो अनाठायी नाही. मात्र सायकलच्या सुट्या भागांसाठी कायद्याच्या तक्त्यात जो दर छापलेला आहे, तो एकट्यादुकट्या ग्राहकाच्या पार्सलला अनेकदा लागतच नाही. त्याला दुसराच लागतो, आणि तो वर्षानुवर्षं पहिल्यापेक्षा चढा होता. असं का, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

इंग्रजी अमदानीत चांगली सायकल म्हणजे विलायती वस्तू. रॅले, हर्क्युलिस, बीएसए ही नावं नॉटिंगहॅम आणि बर्मिंगहॅमहून बोटीने यायची. १९३०च्या दशकाच्या अखेरीस इथे कारखाने उभे राहू लागले, त्यातला हिंद सायकल मुंबईतला. दुसऱ्या महायुद्धात आयात आटली आणि देशी कारखान्यांना बाजार मिळाला. पण युद्ध संपल्यावर विलायती माल परत येणार, हे उघड होतं. म्हणून स्वातंत्र्याच्या सुमारास या उद्योगाला शुल्काचं संरक्षण मिळालं. पाठोपाठ १९४९मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९५१मध्ये सोनीपतला ॲटलस आणि १९५६मध्ये लुधियानात हीरो.

हीरोचे मुंजाल बंधू आधी सायकलीचे सुटे भागच विकत. लुधियानाच्या गल्ल्यांमधून पेडल, चेन, फोर्क, रिम बनवणारी शेकडो छोटी युनिट्स उभी राहिली ती याच धंद्यातून. आयात शुल्काची भिंत जितकी मोठ्या कारखान्यांसाठी होती, तितकीच या छोट्यांसाठी. पुढे २०१२मध्ये जे झालं त्याचं मूळ इथे आहे.

परवाना राज्याच्या काळात शुल्काचा दर हा मुद्दाच गौण होता, कारण आयातीचा परवाना मिळवणं हेच मुळात अवघड. १९९१च्या आधी काही वस्तूंवर सीमाशुल्क ३०० टक्क्यांच्या वर होतं. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात कमाल दर १५० टक्क्यांवर आणला, तेव्हा ती मोठी सुधारणा वाटली. सायकलस्वाराला मात्र याची झळ फारशी लागली नाही. पुण्यात सकाळच्या शिफ्टला लोटणारी गर्दी ज्या सायकलींवर होती त्यांना गिअर नव्हते, ब्रेक लोखंडी सळ्यांचे होते आणि त्यांचा प्रत्येक भाग लुधियानाहून येई. गिअर बदलणारा डिरेलर हवाच कोणाला होता? ज्या थोड्या शर्यतवाल्यांना हवा होता, ते परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेची वाट बघत.

दार खरं उघडलं ते १ एप्रिल २००१ला. आयातीवरच्या संख्यात्मक निर्बंधांविरुद्ध अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत दाखल केलेला खटला भारत हरला होता. त्यानंतर २०००मध्ये ७१४ आणि २००१मध्ये ७१५ वस्तूंवरचे निर्बंध उठले. शुल्कही उतरत गेलं आणि २००७पर्यंत बिगरशेती मालाचा कमाल दर १० टक्क्यांवर आला. त्याच सुमारास ब्रिटनमधली दोन दुकानं जगभर माल पाठवू लागली होती. चेन रिॲक्शन सायकल्स हे १९८४मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या एका गावात सुरू झालेलं नवरा-बायकोचं दुकान, आणि विगल हे पोर्ट्समथचं, १९९९पासून इंटरनेटवर विकणारं.

त्यांचं गणित साधं होतं. माल ब्रिटनबाहेर जात असेल तर तिथला व्हॅट ग्राहकाला माफ. २०११पासून हा व्हॅट २० टक्के झाला, म्हणजे १२० पौंडांची वस्तू भारतीय ग्राहकाला १०० पौंडांत. त्यात घाऊक खरेदीमुळे मूळ किंमतच कमी. इथले १० टक्के शुल्क आणि त्यावरचे इतर कर भरूनही हिशेब जमायचा. मुंबई, पुणे, नाशिककडे २०१०नंतर २००, ३००, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, सुरू झाल्या आणि चाकातूनच वीज बनवणारा डायनॅमो हब, चांगले दिवे, लांब पल्ल्याची सीट अशी मागणी तयार झाली. हा माल गावातल्या दुकानात मिळतच नव्हता. २०१५मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत दोघांच्या गटात पुरी केल्यावर ही मंडळी आणखी वाढली.

पण त्याआधीच हिशेब बिघडायला लागला होता. मार्च २०१२च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी तयार सायकलीवरचं मूळ सीमाशुल्क १० वरून ३० टक्क्यांवर नेलं आणि सुट्या भागांवरचं १० वरून २०वर. रोख चिनी मालावर होता. तयार सायकल आणि भाग यांच्यातलं अंतर मुद्दाम ठेवलेलं, म्हणजे भाग आणा पण जोडणी इथे करा. कारखानदारीच्या नजरेने यात चूक काढता येत नाही. फक्त लुधियानात अकरा स्पीडची कॅसेट तेव्हा बनत नव्हती. जी वस्तू देशात कोणी बनवतच नाही तिच्यावर शुल्क लावून संरक्षण कोणाला मिळतं, हा प्रश्न तक्ता विचारत नाही. त्यात साध्या सायकलीची फ्रीव्हील आणि दहा हजारांची कॅसेट एकाच ८७१४ या शीर्षकाखाली बसतात. तयार सायकलीवरचा दर पुढे २०२३मध्ये ३५ टक्के झाला.

आता त्या दुसऱ्या दराकडे वळू. सीमाशुल्काच्या तक्त्यात ९८०४ हे शीर्षक आहे, ‘व्यक्तिगत वापरासाठी टपालाने किंवा विमानाने आणलेल्या’ मालासाठी. ८७१४ लिहिलं गेलं ते कंटेनर भरून माल आणणाऱ्या व्यापाऱ्याला समोर ठेवून; ज्याच्याकडे आयात-निर्यात क्रमांक आहे, बीजक आहे, दलाल आहे. एकट्या ग्राहकाकडे यातलं काहीच नसतं. त्याचं पार्सल ९८०४मध्ये ढकलणं अधिकाऱ्यालाही सोपं आणि कुरिअरलाही. तिथे गेल्यावर कॅसेट ही कॅसेट राहत नाही. अत्तराची बाटली, हँडबॅग आणि ती, सगळ्यांना एकच माप.

फरक किती पडे? शुल्कासाठी धरलेली किंमत १२,००० रुपये समजा. जीएसटी आल्यानंतर आणि २०१८च्या अर्थसंकल्पात समाजकल्याण अधिभार लागू झाल्यानंतर सप्टेंबर २०२५पर्यंत ८७१४चा हिशेब असा होता: २० टक्के मूळ शुल्क २,४०० रुपये, त्यावर १० टक्के अधिभार २४०, आणि किंमत धरून या सगळ्या बेरजेवर १२ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, सुमारे १,७५७. एकूण ४,३९७, म्हणजे ३६.६४ टक्के. ९८०४मध्ये मूळ शुल्क १० टक्केच धरलं तरी आयजीएसटी २८ टक्के, आणि एकूण आकडा ४२.०८ टक्के, ५,०५० रुपये. जिथे ३५ टक्के मूळ शुल्क लावलं गेलं तिथे हाच आकडा ७७.२८ टक्क्यांवर जाई, ९,२७४ रुपये. वस्तू तीच, खोकं तेच.

बारा हजार ही किंमतसुद्धा नुसत्या वस्तूची नसते. शुल्क लागतं ते वस्तू, विमा आणि वाहतूक खर्च या तिन्हींच्या बेरजेवर. म्हणजे पाठवणावळीवरही कर. विमान वाहतुकीचा खर्च शुल्कासाठी मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त धरायचा नाही, अशी एक मर्यादा मूल्यांकनाच्या नियमांत आहे. विम्याचा आकडा माहीत नसेल तर १.१२५ टक्के धरतात. सप्टेंबर २०१७पर्यंत या सगळ्यावर आणखी १ टक्का उतराई खर्च म्हणून धरला जाई, तो तेव्हा गेला.

पाठवणावळीचं स्वतःचंही एक तर्कट आहे. कुरिअर वजन दोन प्रकारे मोजतं: तराजूवर, आणि खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला ५,०००ने भागून. जे जास्त निघेल ते खरं. चाकांची हलकी जोडी दोन किलोच्या आत असते, पण तिचं ७० बाय ७० बाय २०चं खोकं या हिशेबाने १९.६ किलो भरतं. म्हणून चेन, कॅसेट, ब्रेक पॅड परदेशातून मागवणं परवडायचं आणि चाकं, फ्रेम बहुधा नाही. टपालाने हे जड मोजमाप टळत असे. मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाकघरात कस्टमचे लोक पार्सल तपासत, आणि शुल्क पोस्टमन दारात घेई. कुरिअर आधी स्वतः शुल्क भरतं आणि त्या उपकाराचे वेगळे पैसे लावतं. स्वस्त वस्तू असेल तर ही रक्कमच बोचते.

एक पळवाटही होती. ठरावीक किमतीपर्यंतची भेटवस्तू करमुक्त असे, आणि खोक्यावर ‘गिफ्ट’ लिहून द्या अशी विनंती विक्रेत्याला करणारे थोडे नव्हते. पण ती बंद होण्याचं कारण सायकलवाले नाहीत. चिनी फॅशन संकेतस्थळं लाखो कपडे भेट म्हणून पाठवू लागली, तेव्हा डिसेंबर २०१९मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने टपाल आणि कुरिअरने येणाऱ्या करमुक्त भेटींवरच बंदी घातली. सूट राहिली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखीसोबत पाठवलेल्या भेटीला नाही, हेही अधिसूचनेत स्पष्ट लिहिलं आहे. दिल्लीत कुणाला तरी बहीण असणार.

मग एकेक वाटा बुजत गेल्या. २०२० साली गलवाननंतर चिनी ॲपवर बंदी आली आणि नोव्हेंबरमध्ये त्यात अलिएक्स्प्रेसही गेलं. बोल्ट, केबल, बार टेप असा किरकोळ माल तिथूनच येई. विगल आणि चेन रिॲक्शन २०१६मध्ये एकत्र झाली होती. ऑक्टोबर २०२३मध्ये त्यांची मालक कंपनी कोसळली, दुकानांचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला आणि पुढे फक्त नावं विकली गेली.

दर मात्र अलीकडे उतरले आहेत. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, त्यामुळे ८७१४चा एकूण भार २८ टक्क्यांच्या आसपास येतो. ९८०४वरचा आयजीएसटी त्याच फेरबदलात २८ वरून १८ झाला. तिथलं मूळ शुल्क २०२५च्या अर्थसंकल्पात ३५ वरून २० आणि २०२६च्या अर्थसंकल्पात २० वरून १० टक्के. बेरीज जवळपास ३० टक्के. म्हणजे पार्सल कुठल्याही शीर्षकाखाली गेलं तरी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फारसा फरक पडत नाही.

ब्रिटनशी जुलै २०२५मध्ये व्यापार करार झाला, तेव्हा भाग आता करमुक्त येणार अशी चर्चा सायकल गटांत रंगली. करारातली सवलत माल कुठून विकत घेतला यावर नसते, कुठे बनला यावर असते, आणि तसा उत्पत्तीचा पुरावा सोबत लागतो. लंडनच्या दुकानातून घेतलेला शिमानो या जपानी कंपनीचा डिरेलर सहसा जपानमध्ये किंवा मलेशियासारख्या देशात बनलेला असतो. जपानशी आपला करार २०११पासून आहे, आसियान देशांशी २०१०पासून. पण किरकोळ गिऱ्हाइकाच्या एका डिरेलरसाठी उत्पत्तीचं प्रमाणपत्र काढून देणारा दुकानदार ना लंडनला सापडतो, ना ओसाकाला.