जैवखनिजीकरण : बेळगाव सीमाभागातील बांधकाम आणि पर्यावरण

सजीवांच्या क्रियेतून खनिज तयार होणे म्हणजे जैवखनिजीकरण. शिंपले, हाडे आणि पोवळी अशीच घडतात. अभियांत्रिकीत मात्र हा शब्द मुख्यतः एका कामासाठी वापरतात : जिवाणूंकडून कॅल्साइट (चुनखडीतले मुख्य खनिज, कॅल्शियम कार्बोनेट) बनवून घेऊन वाळूचे कण सांधणे, काँक्रीटच्या भेगा बुजवणे किंवा जड धातू अडकवून ठेवणे. हे तंत्र कुठे चालते आणि कुठे अडते, ते समजून घ्यायला बेळगाव जिल्हा चांगला आहे. पश्चिमेला खानापूरकडे जांभा आणि तांबडी माती, तर पूर्वेला बैलहोंगल, अथणीकडे काळी चिकण जमीन. दोन्हीकडे एकच पद्धत लागू पडत नाही.

या कामात सर्वाधिक वापरला जाणारा जिवाणू म्हणजे मातीत राहणारा स्पोरोसार्सिना पाश्चुरी. त्याच्याकडील युरिएज हे विकर (एन्झाइम) युरिया फोडते. त्यातून अमोनिया आणि कार्बोनेट तयार होतात, सामू ९ च्या आसपास चढतो आणि पाण्यात कॅल्शियम असेल तर कॅल्साइटचे स्फटिक धरू लागतात. पेशीभित्तीवर ऋणभार असल्याने कॅल्शियम तिच्याकडे ओढले जाते, आणि पुष्कळदा जिवाणू स्वतःच त्या स्फटिकात गाडला जातो. गोठ्यात मूत्र मुरलेल्या जागी येणारा उग्र दर्पही याच विकराच्या कामाचा असतो.

प्रयोगशाळेत पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात वाळू भरतात. आधी जिवाणूंचे द्रावण सोडून काही तास मुरू देतात, मग युरिया आणि कॅल्शियम क्लोराइडचे पाणी पुन्हा पुन्हा सोडतात. काही दिवसांनी पाइप चिरला की वाळू सांडत नाही, वालुकाश्माचा दंडगोल हातात येतो. कणांच्या सांध्यांत पांढुरकी पुटे दिसतात; त्यांवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसते. पुष्कळदा द्रावण ओतण्याच्या तोंडाशी दगड पक्का होतो आणि दुसरे टोक भुसभुशीत राहते, कारण वाटेतच कॅल्साइट साचून पुढची वाट बुजते. प्रत्यक्ष जमिनीत काम करताना खरी झुंज याच्याशीच असते.

काळ्या मातीत तर जिवाणू शिरतच नाहीत. त्यांची लांबी साधारण १ ते ३ मायक्रॉन, आणि चिकणमातीतली बरीच छिद्रे त्याहून लहान. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही जमीन पाया हलवते, भिंती तडकवते. म्हणजे जिथे गरज मोठी, तिथेच हा उपाय लंगडा पडतो. अशा ठिकाणी माती उकरून द्रावण मिसळावे लागते, किंवा जिवाणूऐवजी नुसते विकर वापरावे लागते. युरिएज बियांतही असते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये ते अबईच्या जातीच्या बियांतून स्फटिकरूपात वेगळे केले. सोयाबीनमध्येही ते आहे, आणि सोयाबीन हे बेळगाव-बैलहोंगलकडचे खरिपाचे मोठे पीक. काळ्या जमिनीसाठी आधी बियांच्या अर्कावर मेहनत घ्यायला हवी. याच जमिनीत विहीर खणताना चुनखडीचे पांढरे खडे निघतात. कॅल्साइट तिथे आपणहून साचतच असते.

काँक्रीटमधला मार्ग वेगळा आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील संशोधक हेंक योंकर्स यांनी काँक्रीटचा चढा सामू सोसणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू (सुप्तावस्थेतली रूपे) आणि कॅल्शियम लॅक्टेट काँक्रीटमध्ये मिसळले. भेगेतून पाणी शिरले की बीजाणू जागे होतात, लॅक्टेट खातात आणि भेग भरतात. युरिया लागत नाही. प्रयोगांत ०.८ मिमीपर्यंतच्या भेगा भरल्या आहेत. खानापूर, कणकुंबीच्या धुवाधार पावसात गळणाऱ्या स्लॅबसाठी हे मोलाचे ठरेल, पण पाया खचून पडलेली भेग यामुळे भरून निघत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी इस्रोसोबत याच पाश्चुरी जिवाणूने, युरिया आणि गवारीचा डिंक वापरून, चंद्रावरच्या मातीसारख्या भुकटीच्या विटा केल्या.

कॅल्साइट घडताना शिसे, कॅडमियम, स्ट्रॉन्शियम यांसारखे धातू त्यात अडकतात. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे पट्ट्यातील फाउंड्रींमधून (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांतून) निघणाऱ्या वापरलेल्या वाळूवर हे तपासून पाहण्यासारखे आहे. उघड्यावर पडलेल्या ढिगांची धूळ दाबण्यासाठी वरचे पातळ कवचही पुरते.

युरियाच्या मार्गातला मोठा दोष म्हणजे अमोनियम. १०० ग्रॅम कॅल्साइटमागे हिशोबाने ३६ ग्रॅम अमोनियम सुटते. ते धुवून तसेच जमिनीत सोडले तर पुढे त्याचे नायट्रेट होऊन विहिरींत उतरते. मलप्रभा, मार्कंडेयच्या काठच्या गावांत हे चालणार नाही. ते पाणी गोळा करून मॅग्नेशियम आणि फॉस्फेट घातल्यास स्ट्रुव्हाइट हे खनिज तळाशी बसते, ते खत म्हणून वापरता येते. शिवाय शेतीच्या अनुदानित, कडुलिंबाचे लेपन असलेल्या युरियाची ४५ किलोची गोणी बांधकामाकडे वळवणे बेकायदा आहे. म्हणून अंदाजपत्रकात औद्योगिक युरियाचा दर आणि निचऱ्याचे पाणी गोळा करण्याचा खर्च, दोन्ही आधीपासूनच धरावे लागतात.